मोठ्या अक्षराची चूक

नागपुरात सीताबर्डीवर एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. साल शहाऐंशी असेल, नाहीतर सत्त्याऐंशी. आत जाण्याआधी चपला बाहेर काढाव्या लागत, देवळात काढतात तशा. मशीनला धूळ चालत नाही म्हणून खिडक्या कायमच्या बंद केलेल्या आणि भिंतीत एसी बसवलेला. एप्रिलात खालच्या दुकानातले लोक काहीतरी निमित्त काढून वर यायचे आणि दार उघडं धरून दोन मिनिटं बोलत उभे राहायचे. साहेब ओरडायचे, "अरे, दरवाजा लावा ना गा, ठंडक जाऊन राहिली सारी."

साहेब म्हणजे सेंटरचे मालक. आधी त्यांचा झेरॉक्सचा धंदा होता. त्यांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, पण पुढे त्याचेच दिवस येणार हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी तिथे प्रोग्रामर होतो. चोवीस वर्षांचा, बीएस्सी आणि वर सहा महिन्यांचा कोर्स, एवढंच भांडवल. राहायचो कोराडीला, पॉवर स्टेशनच्या कॉलनीत. वडील तिथे नोकरीला होते. सकाळच्या बसमध्ये ते मला ओळखीच्या माणसाशेजारी बसवून द्यायचे आणि त्या माणसाला मुद्दाम सांगायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे आमचा." त्या माणसाला ते आधीच माहीत असायचं.

त्या वर्षी एका शिक्षणसंस्थेनं जिल्हाभरच्या शाळांमध्ये इंग्रजी हस्ताक्षराची स्पर्धा घेतली होती. भाग घेतलेल्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि त्यावर मुलाचं नाव आणि गाव छापायचं काम आमच्याकडे आलं. कार्यक्रम एक मेला होता. तेव्हा कॉम्प्युटरवर सहसा सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापायचे. संस्थेचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना ते अजिबात चाललं नाही.

"हस्ताक्षराचं प्रमाणपत्र आहे हे," ते म्हणाले. "आम्ही मुलांना शिकवतो, नावाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. मग प्रमाणपत्रावरही तसंच पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होऊन जाईल."

आणि ते खरंच सोपं होतं. मशीनला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीतला लहान 'के' म्हणजे एकशे सात, मोठा 'के' म्हणजे पंच्याहत्तर. सगळ्या अक्षरांचं असंच, लहान आणि मोठ्यात बत्तीसचा फरक. म्हणजे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, त्याच्या आकड्यातून बत्तीस वजा करायचे, आणि परत जागेवर बसवायचं. मी एका ओळीत ते लिहिलं आणि त्या ओळीवर खूश झालो. दोन मुली नावं टाइप करायला होत्या. त्यांना साहेबांनी सांगून ठेवलं होतं, सगळं लहान अक्षरात मारा, मोठं करायचं काम प्रोग्राम करेल, तेवढाच वेळ वाचेल. त्यांनी टाइप केलेली वीसेक नावं घेऊन मी प्रोग्राम चालवून पाहिला. सगळी नावं नीट आली. अक्षर आधीच मोठं असेल तर काय होईल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

काम मुलींना आवरेना, म्हणून साहेबांनी तिसरी एक बाई आणली. चौतीस-पस्तीसची असेल. महाल भागातून सायकलनं यायची. दहा वर्षं कोर्टाबाहेर टायपिंग केलेलं. दोघी मुली चार बोटांनी, मान खाली घालून टाइप करायच्या. ही दहा बोटं चालवायची आणि नजर शाळेच्या यादीवरून हलायची नाही. पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊ, एक विचारू का? नावाचं पहिलं अक्षर मोठं टाकू का लहान? मले सवय आहे मोठं टाकायची. बोटं आपोआप जातात."

मी प्रिंटरची कसली तरी जुळवाजुळव करत होतो. मान वर न करता म्हणालो, "कसंही टाका ताई. प्रोग्राम पाहून घेईल."

"पक्कं ना?"

"हो हो."

ती परत जाऊन बसली. एवढंच झालं. ती कुठं उभी होती, मी कोणत्या हातात कागद धरला होता, हे सगळं मला आजही जसंच्या तसं आठवतं. हे मुद्दाम सांगतो आहे.

दोन आठवडे ती आमच्यात होती. तिनं यादीतल्या कितीतरी चुका पकडल्या. कुहीच्या एका शाळेनं एकाच मुलीचं नाव दोनदा लिहिलं होतं, खाप्याच्या यादीचं अर्धं पानच आलं नव्हतं. तिनं ते सचिवांकडून मागवून घेतलं. जेवायच्या सुटीत ती मला मशीनबद्दल विचारायची. फाइल म्हणजे काय, फ्लॉपीत किती मावतं. एकदा म्हणाली, "कोर्टात बसून बसून कंबर गेली भाऊ. उन्हाळ्यात त्या टिनाखाली तं जीव जाते. एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवाली जागा निघून राहिली म्हणतात. पण अनुभवाचं पत्र मागतात. साहेब देतील ना इथलं?"

"काहून नाही देणार?" मी म्हटलं.

छपाईच्या दिवशी सचिव सकाळीच येऊन बसले. सोबत पितळी डबा, कारण पहिला गठ्ठा हातात घेतल्याशिवाय ते जाणार नव्हते. कोरी प्रमाणपत्रं रंगीत छापून आणलेली होती, जाड कागदाची. प्रिंटर कर्कश आवाज करत एकेक नाव ओढू लागला. दुपारपर्यंत मुलींनी टाइप केलेली नावं छापून झाली. सगळी सुरेख. सचिव एकेक प्रमाणपत्र उजेडाकडे धरून पाहायचे आणि मान डोलवायचे.

मग तिची नावं सुरू झाली.

सचिवांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. "साहेब," ते म्हणाले, "या मुलीच्या नावाच्या आधी तीनचा आकडा कशाला?"

साहेबांनी कागद घेतला. एका मुलीच्या नावातला पहिला 'एस' गायब होता आणि त्याच्या जागी तीन होता. खाली गाव कुही, तिथे 'के'च्या जागी अधिकचं चिन्ह. पुढचा कागद, त्याच्या पुढचा, सगळ्यांचं तेच. कुठे डॉलर, कुठे उद्गारचिन्ह, कुठे नुसतं टिंब. साहेबांनी प्रिंटर बंद करायला सांगितला तोवर पावणेदोनशे प्रमाणपत्रं वाया गेली होती.

"हे कोणी टाइप केलं?"

याद्यांच्या गठ्ठ्यावर टाइप करणारीची सही होती. तिची. ती उठून उभी राहिली.

"तिघींनी सारख्याच मशीनवर काम केलं, एकच प्रोग्राम," साहेब म्हणाले. "दोघींचं बरोबर, तुमचंच काहून असं? आकडे आणि चिन्हं मारून ठेवले पोरांच्या नावात? पाहून टाइप करता का झोपेत?"

"मी शिफ्ट दाबूनच मोठं अक्षर टाकलं साहेब. स्क्रीनवर बरोबर दिसत होतं."

"मोठं? मोठं टाकायले कोणी सांगितलं? सगळं लहान टाकायचं म्हणून बजावलं होतं ना मी?"

"मी तेव्हा नव्हती साहेब. मी भाऊले विचारलं होतं पहिल्या दिवशी. ते म्हणाले कसंही चालते."

साहेब माझ्याकडे वळले. सचिवही. दोघी मुलीही. ती मात्र माझ्याकडे विश्वासानं पाहत होती, आता हे सांगतील आणि मिटेल, असं.

"विचारलं होतं का गा?"

खरं सांगायचं तर काय बिघडलं आहे ते तोवर मला कळलं नव्हतं. पण 'मोठं अक्षर' हे शब्द ऐकताच माझी ती एक ओळ डोळ्यांपुढे आली होती. माझ्या ओळीकडे बोट जाणार, हे मला जाणवलं. मला तिथे पाचच महिने झाले होते. साहेबांनी नोकरी पक्की करतो असं नुकतंच म्हटलं होतं आणि वडिलांनी ते बसमध्ये सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

"आठवत नाही साहेब," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती गोंधळली. आपणच काही चुकीचं ऐकलं होतं का, असं आठवू लागल्यासारखी तिची नजर खाली गेली. साहेब सचिवांसारख्या परक्या माणसासमोर तिला बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तिनं डबा घेतला, टेबलावरची आपली पट्टी घेतली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. काचेच्या दारातून ती चपलेचा अंगठा नीट करताना दिसत होती.

साहेब जास्तीची प्रमाणपत्रं छापायला प्रेसवाल्याकडे धावले. मी मशीनपुढे बसलो. एक कागद घेतला आणि मोठ्या 'के'चा आकडा लिहिला. पंच्याहत्तर. त्यातून बत्तीस गेले, त्रेचाळीस. तक्त्यात पाहिलं, त्रेचाळीस म्हणजे अधिकचं चिन्ह. मोठा 'एस' त्र्याऐंशी, बत्तीस गेले, एक्कावन्न. एक्कावन्न म्हणजे तीनचा आकडा. माझ्या ओळीनं लहान अक्षर मोठं केलं होतं, आणि जे आधीच मोठं होतं त्यालाही तेवढंच खाली ओढलं होतं. तिनं एकही नाव चुकीचं टाइप केलं नव्हतं. उलट तिघींमध्ये फक्त तिनंच ते इंग्रजीत लिहितात तसं लिहिलं होतं.

वजाबाकी करायच्या आधी अक्षर लहान आहे का ते तपासायचं, एवढंच राहिलं होतं. ते घालायला मला पाच मिनिटं लागली. तिची नावं जशीच्या तशी ठेवून उरलेल्या कोऱ्या प्रमाणपत्रांवर पुन्हा चालवली. एकूण एक बरोबर आली.

संध्याकाळी साहेब आले. नीट छापलेला गठ्ठा पाहून त्यांनी विचारलं, "एवढ्या लवकर पुन्हा टाइप केलं?"

"दुरुस्त करून घेतलं," मी म्हणालो. काय दुरुस्त केलं ते बोललो नाही.

"शाब्बास!" त्यांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात नोकरी पक्की झाली. घरी पेढे आले. आई पेढा द्यायला हात पुढे करायची आणि मी दात दुखतो म्हणायचो.

तीन आठवडे कसेबसे काढले. मग हजेरीच्या रजिस्टरातून तिचा पत्ता घेतला आणि एका रविवारी महालात गेलो. तिचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. ओट्यावर तिची म्हातारी सासू तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली, मला पाहून दचकली, मग बसायला पाट दिला. साहेबांनी परत बोलावलं असेल असं तिला वाटलं असावं. मी येताना वाक्यं जुळवून आणली होती. ती वाक्यं सोडून मी सासूला तांदळाचा भाव विचारला.

मग तीच बोलली. "भाऊ, एक सांगा. ते चिन्हं काहून येत होते? मी रोज विचार करून राहिली. मले वाटलं, माझ्या बोटालेच काही झालं. इथं माझ्या टाइपरायटरवर पानंच्या पानं मारून पाहिली. बराबर येतात."

"तुमची चूक नव्हती ताई. मशीनमध्ये गडबड होती."

"म्हणजे मी बरोबर टाकलं होतं?"

"हो."

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. सासूला म्हणाली, "ऐकलं का आई? माझं बरोबर होतं." मग मला विचारलं, "साहेबांले सांगितलं का हे?"

"सांगतो."

"सांगा बरं. ते पत्र तरी देतील मग. कॉलेजवाले मागून राहिले."

मी सांगितलं नाही. सोमवारी सांगू म्हणत सोमवार गेला. मग नवीन काम आलं, मग पावसाळा, मग दिवाळी. सांगायला जितका उशीर होई तितकं ते अवघड होत गेलं, कारण आता चुकीबरोबर उशिराचंही उत्तर द्यावं लागणार होतं. सिव्हिल लाइन्सकडे जायचं काम पडलं की मी कोर्टाचा रस्ता टाळायचो. त्यासाठी लांबचा वळसा घ्यायचो.

अशी दोन वर्षं गेली. एकदा साहेबांनीच मला काही कागद घेऊन कोर्टात पाठवलं. टाळता आलं नाही. टायपिस्टांची रांग होती, टिनाच्या शेडखाली, आणि तिसऱ्या टेबलावर ती होती. तिनं मला पाहिलं. तोंड फिरवलं नाही, हसलीही नाही.

मी समोर उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. प्रोग्राममधली चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतं, मी कसंही चालेल म्हणालो होतो. साहेबांपुढे मी खोटं बोललो. मशीनची गडबड वगैरे काही नव्हतं. साहेबांना अजून माहीत नाही.

बाजूच्या टेबलावरचा म्हातारा टायपिस्ट आमच्याकडे पाहत होता.

"आता काहून सांगून राहिले?" तिनं विचारलं.

मी हातातले साहेबांचे कागद सारखे करू लागलो.

तिनं मशीनमध्ये दोन कागद घातले, मध्ये कार्बन. "बोला."

"काय?"

"आत्ता जे बोलले ते. पुन्हा बोला. हळू."

मी बोलत गेलो आणि ती टाइप करत गेली. मी अडखळलो की ती थांबायची, मान वर करायची नाही. एका ठिकाणी मी म्हटलं, "गैरसमजातून असं घडलं." ती थांबली. "गैरसमज नाही. खोटं बोललो म्हटलं ना तुम्ही? तेच लिहिते." तिनं तेच लिहिलं. मी दोन्ही प्रतींवर सही केली. कार्बनची प्रत तिनं ठेवून घेतली आणि वरची मला दिली.

"हे साहेबांले तुम्हीच नेऊन द्या. मी त्या दारात येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं होतं ते हसण्यावारी नेतील, जुनी गोष्ट म्हणून. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"तेव्हा काहून नाही बोलला गा?"

"भीती वाटली."

"आणि मी त्या बाईले त्या मास्तरासमोर काय काय बोललो..." ते उठून खिडकीपाशी गेले. खिडकी बंदच होती. मग येऊन त्यांनी सेंटरच्या कागदावर स्वतः पेनानं पत्राचा मसुदा लिहिला, मला टाइप करायला दिला, सही-शिक्का मारला. काम उत्तम होतं, चूक सेंटरची होती, असं स्पष्ट लिहिलं होतं. "हे तिले देऊन ये. माझ्यातर्फे माफी माग. आणि तू हा महिना कर, मग दुसरीकडे पाहून घे. चूक होते माणसाच्यानं. पण तुझ्यावर आता माझा भरवसा राहिला नाही."

मी पत्र नेऊन दिलं. तिनं ते उभ्या उभ्याच वाचलं.

"कॉलेजची ती जागा गेल्या वर्षीच भरली," ती म्हणाली. "आता पुन्हा निघाली तरी वयाची पस्तीसची अट आहे. मले सदतीसवं लागलं." पत्राची घडी करून तिनं ते पिशवीत ठेवलं. "पण असू द्या. कागद पाहिजेच होता मले."

"ताई, मला माफ करा."

"माफ केलं म्हटलं तं तुम्ही मोकळे होऊन जाल, भाऊ. मी नाही म्हणत." आवाज चढलेला नव्हता. एक पक्षकार हातात जमिनीचे कागद घेऊन आला, तशी ती त्याच्याकडे वळली आणि नाव विचारू लागली.

घरी वडिलांनी विचारलं, नोकरी काहून सुटली. दुसरं काहीही सांगता आलं असतं. पण त्या दिवशी मी थकलो होतो, सगळं सांगितलं. ते अंगणातल्या बाजेवर बसून ऐकत होते. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर पॉवर स्टेशनची राख बसली होती, ती झटकत होते. मला वाटलं चिडतील. ते एवढंच म्हणाले, "कुठं बसते ती बाई?"

"कोर्टाबाहेर. तिसरं टेबल."

मला पुढे हिंगण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. वडील निवृत्त व्हायला आले होते, कागदपत्रांची कामं निघायची, पेन्शनचे अर्ज, कॉलनीची खोली सोडायचे अर्ज. कॉलनीच्या गेटासमोरच एक टायपिस्ट बसायचा. तरी वडील प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, कागद पिशवीत घेऊन नागपूरची बस धरायचे आणि दुपारनंतर परत यायचे. एकदा मी विचारलं, "कुठं जाऊन राहिले?"

"कोर्टात. अर्ज टाइप करून आणतो."

तिला त्यांनी आपण कोण ते सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आणि मी सोबत येऊ का, असंही मला कधी म्हणवलं नाही.